इचिरो सुझुकी : एका निरोपाचा इतिहास

खेळाडूच्या आयुष्याला एक चमत्कारिक शाप आहे. इतर व्यवसायांत माणूस ज्या वयात नुकता कोठे परिपक्व होऊ लागतो, त्या वयात खेळाडूस आपली विद्या गुंडाळून घरी बसावे लागते. आम्हां शिक्षकांचेच पहा. पन्नाशी उलटल्यावर आमच्या बोलण्यास थोडे वजन आले असे लोक मानू लागतात. आणि निवृत्तीचा दिवस उजाडला म्हणजे शाल, श्रीफळ व चार भाषणे यांवर तो समारंभ आटोपतो. त्यानंतरही आम्हांस वाचता येते, लिहिता येते, कोणी ऐकणारा भेटलाच तर बोलताही येते. खेळाडूची सर्व विद्या मात्र डोळ्यांत, मनगटांत आणि पायांत साठवलेली असते. ती एकदा ओसरली म्हणजे परत येत नाही, आणि ती ओसरताना हजारो लोक टक लावून पाहत असतात.

अशा एका निरोपाचा इतिहास आज वाचकांपुढे मांडावयाचा आहे. २१ मार्च २०१९ रोजी जपानच्या राजधानीत, टोकिओ डोम या प्रचंड क्रीडागृहात, इचिरो सुझुकी या बेसबॉलपटूने वयाच्या ४५ व्या वर्षी खेळातून निवृत्ती पत्करली. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याची प्रतिष्ठापना झाली. आता त्याच्या खात्यात नवे काही जमा व्हावयाचे नाही. तेव्हा हिशेब मांडण्यास हरकत नसावी.

आम्ही क्रिकेटवर वाढलेले. बेसबॉल हा आमच्या अंगणातला खेळ नव्हे. तथापि सिअॅटल शहरात सायंकाळी खेळ सुरू होतो तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतात; आणि महाविद्यालयात जाण्यापूर्वी इचिरोने आज काय केले हे पाहण्याची जी सवय आम्हांस एकदा जडली, ती कित्येक वर्षे सुटली नाही. रसिकाच्या या दुरून जडलेल्या लोभाचे ऋण फेडावे, एवढाच या लेखामागील खासगी हेतू आहे. सार्वजनिक हेतू याहून मोठा आहे. परक्याचा खेळ परक्याच्या घरी जाऊन खेळणाऱ्या माणसाची किंमत कोणाच्या मापाने मोजावयाची, हा प्रश्न या एका आयुष्याभोवती सतत घुटमळत राहिला. आणि तो प्रश्न एकट्या इचिरोचा नाही.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. पिचर चेंडू फेकतो आणि फलंदाज तो गोल, लाकडी बॅटने टोलवतो. चेंडू क्षेत्ररक्षकांच्या हाती न लागता फलंदाज किमान पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचला, तर त्यास ‘हिट’ म्हणतात. चेंडू थेट मैदानाच्या कुंपणापलीकडे गेला तर ‘होमरन’. ऐकावयास सोपे वाटते. परंतु दहा प्रयत्नांत जो तीनदा हिट मिळवतो तो या खेळात थोर फलंदाज गणला जातो. म्हणजे थोराचेही सात प्रयत्न फुकट जातात. अपयशाचा इतका मोठा वाटा मुकाट्याने पचवावा लागणारा दुसरा खेळ आम्हांस ठाऊक नाही. आपण ४००० हिट मिळवले, पण त्यापायी ८००० हून अधिक वेळा मन खट्टू करून घ्यावे लागले, असे इचिरोने एकदा सांगितले होते. ते विनयाचे बोलणे नव्हते, चोख अंकगणित होते.

हा खेळ जपानात आला तो १८७२ च्या सुमारास. होरेस विल्सन नावाच्या अमेरिकन शिक्षकाने टोकिओतील ज्या विद्यालयात तो मुलांना शिकवला, तेच विद्यालय पुढे टोकिओ विद्यापीठात विलीन झाले. मेइजी काळातील जपान त्या वेळी पाश्चात्त्यांकडून आगगाडी, कायदा, शस्त्रविद्या असे सर्व काही शिकत होते. त्याच शिदोरीत हाही खेळ आला. त्याचे पहिले वेड लागलेल्यांत मासाओका शिकी हा विद्यार्थी होता. हायकू या काव्यप्रकारास ज्याने नवजीवन दिले तोच हा कवी. तो स्वतः खेळे, खेळावर कविता करी, आणि बॅटर, रनर अशा परिभाषेस त्याने जपानी शब्द घडवले. क्षयाने त्यास अंथरुणास खिळवले आणि १९०२ मध्ये वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी तो वारला. ठीक शंभर वर्षांनी, २००२ मध्ये, जपानी बेसबॉलच्या कीर्तिमंदिराने या कवीस आपल्यांत सामावून घेतले. परक्याची वस्तू आपली व्हावयाची तर तिला आधी आपल्या भाषेत घर करून द्यावे लागते, हे त्या कवीस कळले होते.

योकोहामा बंदरात राहणाऱ्या परदेशी लोकांचा एक क्रीडामंडळ-संघ होता. टोकिओच्या पहिल्या उच्च विद्यालयातील मुलांचे आव्हान त्याने बरीच वर्षे स्वीकारले नाही. अखेर २३ मे १८९६ रोजी सामना झाला, आणि मुलांनी तो २९ विरुद्ध ४ अशा फरकाने जिंकला. मुंबईकर वाचकांस येथे आपला इतिहास आठवल्यावाचून राहणार नाही. १८९० मध्ये पारशी मंडळींनी व्हर्नन यांच्या इंग्रज संघास मुंबईत हरवले. १९०६ मध्ये हिंदूंच्या संघाने युरोपियनांस नमवले. त्या हिंदू संघाचा आधारस्तंभ पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. त्यांच्या गोलंदाजीवर सामना जिंकावयाचा आणि चहा मात्र त्यांना वेगळा, बाहेर द्यावयाचा, अशी आमच्या मंडळींची रीत होती. तात्पर्य, परकेपण हे समुद्र ओलांडल्यावरच वाट्यास येते असे नाही. ते स्वतःच्या मैदानावरही भोगावे लागते.

जपानचा हा खेळ पुढे वाढला तो शाळांतून. १९१५ मध्ये शालेय संघांची अखिल जपान स्पर्धा सुरू झाली आणि १९२४ मध्ये तिच्यासाठी कोशिएन हे मैदान उभे राहिले. तेथे हरलेली मुले मैदानातील मूठभर माती पिशवीत भरून घरी नेतात. १९३४ मध्ये बेब रूथ, लू गेरिग आदी अमेरिकन दिग्गज जपानात आले. शिझुओका येथील सामन्यात एइजी सावामुरा या सतरा वर्षांच्या पोराने रूथ आणि गेरिग यांसह चार नामांकित फलंदाजांस लागोपाठ बाद केले. अखेर गेरिगच्या एका होमरनने अमेरिकन संघ १ विरुद्ध ० असा जिंकला, पण जपानची मान त्या पराभवानेच उंच झाली. याच सावामुरास पुढे सैन्यात जावे लागले. डिसेंबर १९४४ मध्ये त्याचे जहाज अमेरिकन पाणबुडीने बुडवले, आणि त्यासमवेत तोही गेला. ज्यांच्याशी खेळून त्याने नाव कमावले, त्यांच्याच देशबांधवांच्या हातून त्याचा शेवट व्हावा, हा दैवदुर्विलास.

समुद्राच्या दुसऱ्या काठावरही असेच काही घडत होते. १९४२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अध्यक्षांनी काढलेल्या हुकमान्वये पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांस घरे सोडावी लागली. त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिकच होते. सिअॅटल शहरातील कुटुंबे प्रथम जवळच्या जत्रेच्या मैदानात आणि मग आयडाहो प्रांतातील मिनिडोका येथील छावणीत नेण्यात आली. काटेरी तारांच्या आत या लोकांनी मैदाने आखली आणि बेसबॉल मांडला. ज्या देशाने त्यांस परके ठरवले, त्याच देशाचा खेळ ते तारेआड खेळत राहिले. पुढे अर्धशतकाने, १९९२ मध्ये, त्याच सिअॅटलचा डबघाईस आलेला मॅरिनर्स संघ निंटेंडो कंपनीचे अध्यक्ष यामाउची यांनी विकत घेऊ केला. तेव्हा संघाचे मालकपण जपान्याकडे जावे की काय यावर मोठे काहूर उठले, आणि शेवटी त्यांचा निर्णयाधिकार निम्म्याहून कमी ठेवून परवानगी मिळाली. इचिरो पुढे ज्या दारात उभा राहिला त्या दाराचा पूर्वेतिहास हा असा आहे.

इचिरोचा जन्म २२ ऑक्टोबर १९७३ चा, आइची प्रांतातला. बापाने लहानपणापासून त्यास रोज मैदानावर घासला. कोशिएनवर खेळून तो कोबे येथील ओरिक्स ब्लूवेव्ह या व्यावसायिक संघात गेला, पण त्याची निवड झाली चौथ्या फेरीत. अंगाने सडपातळ, त्यात पाय लंबकासारखा हलवून बॅट फिरवण्याची त्याची तऱ्हा प्रशिक्षकांस पसंत पडेना. १९९४ मध्ये ओगी नावाच्या नव्या व्यवस्थापकाने त्यास आपल्या तऱ्हेने खेळू दिले, आणि पाठीवर आडनावाऐवजी नुसते ‘इचिरो’ असे नाव लिहविले. त्या वर्षी त्याने १३० सामन्यांत २१० हिट मिळवले. एका हंगामात दोनशेचा टप्पा तोवर जपानात कोणीही ओलांडला नव्हता.

१७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबेला भूकंप झाला. सहा हजारांवर माणसे गेली, शहर जागोजाग जळाले. ब्लूवेव्हच्या खेळाडूंनी बाहीवर ‘कोबे, धीर धर’ अशा अर्थाची अक्षरे लावली. त्या वर्षी त्यांनी आपल्या लीगचे अजिंक्यपद मिळवले, आणि १९९६ मध्ये सबंध जपानचे. खेळाने घरे उभी राहत नाहीत हे खरे. परंतु ज्यांची घरे गेली ते लोक त्या दोन हंगामांत मैदानावर का येत राहिले, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या ग्रंथात सापडावयाचे नाही.

२००१ मध्ये तो सिअॅटलला गेला. त्यापूर्वी मुराकामी १९६४ मध्ये आणि नोमो १९९५ मध्ये अमेरिकेत खेळले होते, पण ते दोघेही पिचर. जपानी फलंदाजाचा तेथे टिकाव लागणार नाही, असा जाणत्यांचा अभिप्राय होता. २ एप्रिल रोजी ओकलंडच्या संघाविरुद्ध तो प्रथम उतरला आणि दोन हिट मिळवून गेला. नऊ दिवसांनी ओकलंड येथेच त्याने उजव्या कोपऱ्यातून तिसऱ्या बेसवर असा चेंडू फेकला की, धावणारा गडी पोहोचण्यापूर्वी तो हातात येऊन बसला. ती फेक अमेरिकन लोक अजून काढतात. वर्षाअखेर त्याच्या नावावर २४२ हिट होते, ५६ बेस चोरून घेतलेले होते, आणि उत्कृष्ट नवोदित व उत्कृष्ट खेळाडू हे दोन्ही मान एकाच वर्षी त्यास मिळाले होते.

ते वर्ष कोणते होते हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्याच २००१ मध्ये बॅरी बाँड्स याने ७३ होमरन मारून नवा विक्रम केला. अमेरिकेस तेव्हा होमरनचे वेड होते. पैसा त्याला, जाहिराती त्याला, टाळ्या त्याला. पुढे २००७ च्या चौकशी-अहवालाने त्या काळातील अनेकांच्या दंडांतील बळ औषधांच्या कुपीतून आले होते, असे उघड केले. अशा काळात हा किरकोळ बांध्याचा माणूस चेंडूला नुसता हलका स्पर्श करून मोकळ्या जागी ढकलीत असे आणि वाऱ्यासारखा पहिल्या बेसवर जाऊन उभा राहत असे. एकेक हिट, दररोज, न चुकता. २००१ ते २०१० या दहा हंगामांत त्याने एकदाही दोनशेच्या खाली पाऊल ठेवले नाही. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण मुलांकडून गिरवून घेतो. तिचे एवढे मोठे भाष्य आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

२००४ मध्ये तो ज्या विक्रमाजवळ जाऊन ठेपला, तो जॉर्ज सिस्लरने १९२० मध्ये केलेला होता : एका हंगामात २५७ हिट. चौऱ्याऐंशी वर्षे त्यास कोणी धक्का लावला नव्हता आणि सिस्लरचे नाव बहुतेक लोक विसरलेही होते. सिअॅटलच्या मैदानात एक रसिक बाई रोज त्या आकड्याचा फलक घेऊन पुढच्या रांगेत बसत. १ ऑक्टोबर रोजी २५८ वा हिट मिळाला, आणि इचिरो खेळ थांबवून थेट प्रेक्षकांत बसलेल्या सिस्लरच्या वृद्ध कन्येकडे गेला. हंगामाअखेर आकडा २६२ झाला; त्यांतले २२५ हिट एकेका बेसचे होते. टीकाकारांनी निदर्शनास आणले की, सिस्लरच्या काळी हंगाम १५४ सामन्यांचा होता, आता १६२ चा आहे, आणि हजार प्रयत्नांमागे सिस्लरचे यश ४०७ होते, इचिरोचे ३७२. हे सर्व खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. परंतु २००९ मध्ये सेंट लुइस येथे गेला असता इचिरोने सिस्लरच्या कबरीवर जाऊन फुले वाहिली, हेही तितकेच खरे आहे. सिस्लर १९७३ च्या मार्चमध्ये वारला. इचिरो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जन्मला. एका परदेशी माणसाने येऊन अमेरिकनांस त्यांचाच विस्मृत पूर्वज परत मिळवून दिला. वारसा रक्ताने मिळतो असे समजणाऱ्यांनी या फुलांचा विचार करावा.

मापाचा वाद मात्र मिटला नाही. जून २०१६ मध्ये जपानातील १२७८ हिट धरून इचिरोची एकूण बेरीज पीट रोझच्या ४२५६ च्या पुढे गेली. रोझ चिडला, उद्या याचे शाळेतले हिटही मोजाल, असा टोमणा त्याने मारला. रोझची बाजू अगदीच पोकळ नाही. दोन देशांतील खेळाची कसोटी सारखी नाही, आणि अमेरिकेच्या अधिकृत नोंदींत ती बेरीज धरलीही जात नाही. परंतु त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये केवळ अमेरिकेतील हिटची संख्याही ३००० झाली, आणि ती सत्तावीस वर्षांचा होऊन तेथे गेलेल्या माणसाची होती. इचिरोने वाद घातला नाही. लहानपणापासून लोक आपणांस हसत आले, आणि जे हसण्यावारी नेले तेच आपण साधत आलो, एवढेच तो म्हणाला. माप बदलून मागण्यात त्याने आपली शक्ती दवडली नाही. जुन्या मापात तो इतके ओतीत राहिला की, ते मापच भरून सांडू लागले.

आता शेवटाविषयी. रसिकाने येथे डोळे मिटू नयेत. २०११ पासून त्याची धार उतरली. न्यूयॉर्क आणि मायामी येथे तो पूर्वीचा इचिरो नव्हता. मे २०१८ मध्ये सिअॅटलने त्यास खेळाडूंच्या यादीतून काढून सल्लागार नेमले. मार्च २०१९ मध्ये टोकिओत हंगामाचे पहिले दोन सामने ठरले, त्यांत त्यास पुन्हा खेळवले. हा निव्वळ तिकिटे खपवण्याचा बेत आहे, असे बोलले गेले, आणि सरावातील त्याचे अपयश पाहता तो आक्षेप निराधारही नव्हता. शेवटच्या सामन्यात त्याने चार प्रयत्न केले आणि चारही फुकट गेले. समोर संघ होता तोच, ओकलंडचा. आठव्या डावात तो आपल्या जागी जाऊन उभा राहिला, मग व्यवस्थापकाने त्यास परत बोलावले. सोबत्यांनी मैदान सोडून त्यास वाट करून दिली. त्या दिवशी अमेरिकन लीगमध्ये प्रथमच खेळणारा तरुण जपानी पिचर किकुची त्याच्या खांद्यावर डोके ठेवून हुंदके देऊ लागला. सामना बारा डाव चालला. रात्र झाली तरी हजारो लोक घरी जाईनात. तेव्हा इचिरो पुन्हा बाहेर आला आणि हात उंचावून सबंध मैदानास फेरी घालून गेला.

मध्यरात्रीच्या सुमारास त्याने पत्रकारांशी तासाहून अधिक वेळ भाषण केले. लोकांचे हे प्रेम पाहिल्यावर खंत उरणे शक्य नाही, असे तो म्हणाला. विक्रमांचा त्याने फारसा अभिमान मिरवला नाही. थोडासा अभिमान कशाचा असेल, तर मे २०१८ नंतरच्या त्या दिवसांचा, असे त्याने सांगितले : संघासोबत रोज सराव करावयाचा, पण खेळावयास मिळणार नाही हे पक्के ठाऊक असावयाचे. आणि आणखी एक गोष्ट तो बोलला. अमेरिकेस जाऊन आपण परदेशी झालो. परदेशी झाल्यामुळे दुसऱ्याच्या मनाचा विचार करणे, दुसऱ्याच्या दुःखाची कल्पना करणे आपणांस जमू लागले. पूर्वी ते आपल्यात नव्हते.

तिकिटांच्या आक्षेपास आमचे उत्तर या दोन वाक्यांत आहे. ज्याने फळाची आशा संपल्यावरही सहा महिने साधना चालवली, त्यास शेवटचे दोन सामने भीक म्हणून मिळाले असे आम्ही म्हणणार नाही. आणि परकेपणाविषयीचे ते बोल तर सिअॅटलच्या छावणीत गेलेल्या कुटुंबांना कळले असते, समुद्रात बुडालेल्या सावामुरास कळले असते, मंडपाबाहेर वेगळा चहा घेणाऱ्या बाळूंनाही कळले असते. परकेपण भोगलेल्या माणसाचे मन बहुधा कडवट होते. या माणसाने त्याचा उपयोग शहाणे होण्याकडे केला.

जपान सरकार त्यास राष्ट्रीय सन्मान देऊ पाहत होते. २००१ आणि २००४ प्रमाणे २०१९ मध्येही त्याने तो नम्रपणे नाकारला. विद्यार्थ्यांस शिकवण्यासाठी व्यावसायिक खेळाडूस तेथे वेगळी परवानगी घ्यावी लागते. ती रीतसर मिळवून तो शाळाशाळांतून मुलांस धडे देऊ लागला. जानेवारी २०२५ मध्ये कूपर्सटाउनसाठी झालेल्या मतदानात ३९४ पैकी ३९३ मते त्यास पडली. आशियात जन्मलेल्या खेळाडूस तो मान पूर्वी मिळाला नव्हता. अमेरिकेत बहुतेक प्रसंगी दुभाष्याच्या तोंडून बोलणारा हा माणूस त्या समारंभात इंग्रजीतून बोलला, विनोद केला, आणि ज्या एका मतदाराने मत दिले नाही त्यास दिलेले जेवणाचे आमंत्रण आता रद्द झाले, असे सांगून लोकांस हसविले.

विल्सन मास्तरांनी टोकिओतील मुलांच्या हाती चेंडू दिला त्यास तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे लोटली होती. गुरूच्या घरी जाऊन शिष्याने गुरूच्याच भाषेत आभार मानले, आणि गुरूने त्यास उठून आसन दिले. दुरून पाहणाऱ्या आम्हांस यापेक्षा अधिक काय हवे? सकाळी साडेसातला आता आम्ही निमूटपणे चहा घेतो आणि कामास लागतो. आज त्याने काय केले, हे पाहावयाचे राहिलेले नाही. जे करावयाचे ते त्याने करून ठेवले आहे.